गजू, वनिता बसमधून उतरली नाही

गजू,

तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. पाहुणे निघून गेले होते. मंडपवाल्याची माणसं दारातले बांबू सोडत होती. वहिनींनी माझ्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला, समोर बसल्या आणि वर्गातल्या पोराला विचारावं तसं सरळ विचारलं, "आनंदभाऊ, वनिता कोण आहे?"



"दवाखान्यात हे तिचंच नाव घेत होते," वहिनी म्हणाल्या. "तुमचा हात धरून म्हणत होते, वनिताले जाऊ देऊ नको. मी पडद्याच्या या बाजूला उभी होती. माझं नाव एकदाही नाही घेतलं. खरं सांगा मले. कुठची आहे? वरठीची?"

तू असतास तर जमिनीवर लोळून हसला असतास. मला नाही आलं हसू. वहिनींचे डोळे कोरडे होते, आणि सगळ्या सुतकभर ते तसेच का होते ते मला त्या घडीला कळलं. बायका म्हणत होत्या, कल्पना मास्तरीण मोठी खंबीर. खंबीर कसली! त्या बाईला तुझ्यासाठी रडताच येत नव्हतं. रडायचं तर कोणासाठी, हेच तिला उमगत नव्हतं.

"वनिता कोंढ्याची आहे," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे ती नाहीच आहे, वहिनी. कुठंच नाही. आम्ही दोघांनी लिहिली ती."

"लिहिली म्हणजे?"

"कादंबरीत. प्रेमाच्या."

वहिनी माझ्याकडं पाहतच राहिल्या. तुझं ते भलंथोरलं शरीर, त्या मिशा, आणि प्रेमाची कादंबरी. पटणार कसं? मग मी सांगायला बसलो. तू मला आईची शपथ घातली होतीस, कल्पनाला कधी कळता कामा नये म्हणून. ती शपथ मी मोडली गजू, आणि मोडताना मला जराही वाईट वाटलं नाही.

वरठी स्टेशनसमोरच्या टपरीपासूनच सुरुवात केली. ड्यूटी संपवून आपण आलुबोंडे खात होतो. कारखान्याची माणसं सायकली, मोटारसायकली घेऊन गावोगाव पांगत होती आणि तू मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होतास. तू काट्यावर, दिवसभर लोखंडाचे ट्रक तोलणारा. मी टाइम ऑफिसात, लोकांच्या हजेऱ्या लावणारा. एकाच मोटारसायकलवरून शहापूरहून वरठीला येणारे आणि जाणारे. आपल्या आयुष्यात काही नवीन होईल असं मला तरी वाटत नव्हतं.

"आंद्या, हे पाय," तू म्हणालास. त्या वाचनाच्या अॅपवर जाहिरात होती. महिनाभरात वीस हजार शब्दांची प्रेम-लघुकादंबरी लिहून पूर्ण करा. "लिहू ना बे!"

"तुला प्रेमातलं काय कळते?"

"मले प्रेम कळते, तुले व्याकरण कळते. तू अजून बिनलग्नाचा, मले दोन पोरी. दोघं मिळून एक माणूस होते का नाही?"

मी हो म्हणायच्या आत तू नाव नोंदवून टाकलंस. तेही बाईचं. केतकी. फोटोच्या जागी फूल. मी म्हटलं, हे फसवणं झालं. तू म्हणालास, "अबे, माह्या तोंडाचा फोटो टाकला तर प्रेम कोण वाचन?"

त्या महिन्यातली आपली सकाळ मला आठवते तेव्हा आजही अंगात वारं शिरतं. दिवाळीनंतरचे दिवस. हायवेच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पिवळ्या झालेल्या, धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसायचा. मी गाडी चालवत असायचो आणि तू मागं बसून फोनशी बोलत कादंबरी लिहीत असायचास. बोललं की टाइप होतं, हे तुला कोणीतरी शिकवलं होतं. वाऱ्यामुळं तू ओरडायचास. भंडाऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तू पूर्ण ताकदीनं ओरडलास, "आणि तो तिला म्हणाला, मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही!" शेजारच्या स्कूटीवरच्या बाईनं आधी तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सिग्नल सुटायच्या आत मी गाडी काढली.

आणि ते मीठ! तेही वहिनींना सांगितलं. तू म्हणाला होतास, त्याने तिला मिठीत घेतलं. वाऱ्यात फोननं ऐकलं, त्याने तिला मिठात घेतलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचून दाखवलं तेव्हा तू डबा बाजूला ठेवून हसलास. "मिठात घ्यायले ते का बोटरी हाय का बे?" तुझा बाप तलावात मासेमारी करणारा, बोटरीसारखी मासळी मिठात कशी घेतात हे तुला पाठ. तेव्हापासून आपल्यात मिठीला मीठच म्हणायचे. "दुसऱ्या प्रकरणात मीठ कमी झालं," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "जास्त झालं तर वाचक पाणी मागतील."

इथं वहिनी पहिल्यांदा हसल्या. तोंडावर पदर धरून. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "तरीच. तरीच हे जेवताना मीठ म्हटलं की हसत होते. मले वाटे, भाजी बिघडली."

तू लिहायचास तसं मला कधीच जमलं नसतं. थांबायचंच नाही, मागं वळून पाहायचं नाही. पूर आल्यासारखा. मी रविवारी बसून तो उपसायचो. शहापूरच्या तलावाच्या पाळीवर, तुझ्या बापाचा डोंगा जिथं उपडा पडलेला असायचा त्याच्या बाजूला, आपण ऊन खात बसायचो. तू गळ टाकून, मी फोन घेऊन. तुझ्या नायिकेचे डोळे एकेका प्रकरणात इतक्यांदा पाणावायचे की मी तुला म्हटलं होतं, हिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने, मग लग्नाचं पाहू. तू चिडायचास. "तू कसाई हायेस. माह्या पोरीचे डोळे काढतेस." पण मी वाक्य कापून उरलेला परिच्छेद मोठ्यानं वाचला की तू गळाकडं पाहत म्हणायचास, "हं. हे बरं झालं." एवढंच. तेवढ्यासाठी मी आठवडाभर वाट पाहायचो, हे तुला माहीत होतं का?

पहिली कादंबरी पुण्यातली होती. शर्वरी नावाची मुलगी, आदित्य नावाचा मुलगा, त्याची कंपनी, काचेची इमारत, कॉफी. आपण पुण्याला जन्मात एकदा गेलेलो, तेही कोणाच्या लग्नाला, आणि दुसऱ्याच दिवशी परत. तरी लोकांनी वाचली. "केतकीताई, किती हळुवार लिहिता!" अशा कमेंटा आल्या. तू त्या मला ट्रक तोलता तोलता फोन करून वाचून दाखवायचास. मागं ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचे.

दुसऱ्या वर्षी मीच अडून बसलो. म्हटलं, आपल्याकडची माणसं प्रेम करत नाहीत का? का तेवढ्यासाठी पुण्याला जातात? तू विचारात पडलास. आठवते? वरठी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस, असं कधीच झालं नव्हतं. गाडीवरून उतरल्यावर म्हणालास, "स्टेशनावर भेटू दे त्यायले. वरठीच्या." आणि ती दुसरी कादंबरी झाली. पोरगी 'मले' म्हणते, पोरगा 'काहून' विचारतो. काहींनी लिहिलं, ताई, भाषा जरा शुद्ध ठेवा. पण गोंदियावरून, देसाईगंजवरून, पार नागपूरच्या होस्टेलांमधून पोरीबाळींनी लिहिलं, ताई, ही तर आमच्या घरची बोली आहे, आम्हाला वाटायचं हिच्यात प्रेमाचं बोलताच येत नाही. ते वाचून तू वजनकाट्याच्या खोलीबाहेर येऊन उन्हात उभा राहिलास. मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं होतं. तू मिशा पुसत होतास.

हे सगळं वहिनींपासून लपवायचं कारण त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "मले भीत होते?"

"तुम्हाला नाही, तुमच्या लाल पेनला," मी म्हटलं. "तो म्हणायचा, घरात मराठीची मास्तरीण आहे. तिनं माझं ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं तर मला घराबाहेर काढेल. बक्षीस मिळालं की मगच दाखवू."

"बक्षीस मिळालं?"

"नाही."

वहिनींनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "द्या तो फोन इकडं."

त्यांनी पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतलं. मी दारात जाऊन बसलो. मंडपवाले गेले होते. आतून काही आवाज येत नव्हता. मध्ये तुझी मोठी पोरगी चहा देऊन गेली. मग वहिनींनी हाक मारली. त्यांचा आवाज बदललेला होता.

"हे पाहा. ही शर्वरी याले म्हणते, आधी जेवून घे, रागावायचं मग पाहू."

"हं."

"हे मी म्हणते. हे माझं वाक्य आहे." त्यांनी बोट वर सरकवलं. "आणि हे. तुझी सावली मोठी आहे, बाजूला हो, मला ऊन येऊ दे. हे मी लग्नानंतर यायले पहिल्यांदा म्हटलं होतं, गच्चीवर. हे यायच्या लक्षात होतं?" त्या पुढं वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी सुटलं. मोकळं. पुण्याच्या त्या काचेच्या इमारतीत शर्वरीच्या तोंडी तू त्यांना बसवून ठेवलं होतंस, आणि मी महिनाभर ती वाक्यं तपासत होतो, कधीकधी कापतही होतो, आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, तुला सुचतात.

त्यांना रडू दिलं मी. काय करणार होतो दुसरं?

मग वनिताचं सांगावं लागलं. ते सांगणं मला जड गेलं, कारण ती कादंबरी तू माझ्याकडून उचललीस.

एकदा गाडीवर, असंच, मी तुला सांगितलं होतं. मी मूळचा कोंढ्याचा. ती पण कोंढ्याची. भंडाऱ्याला कॉलेजात एकाच बसनं जायचो. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या घरात देव्हारा. मधली गल्ली लहानशी, पण ओलांडायची कोणाची टाप नव्हती. तिला नागपूरला नर्सिंगला पाठवायचं ठरलं, घाईनं. सकाळच्या बसनं. मी स्टॉपवर गेलो होतो. ती खिडकीत बसली होती. तिनं पाहिलं, मी पाहिलं. बस गेली. एवढीच गोष्ट. पुढं तिचं लग्न झाल्याचं कळलं, आणि माझं काही जुळलं नाही, तो घोर आईच्या कपाळी आला.

या वर्षीचं आव्हान जाहीर झालं त्या रविवारी पाळीवर तू गळ बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "आंद्या, या खेपेस तुही गोष्ट लिहू का?"

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, लिही. मग म्हटलं, पण नाव शर्वरी-बिर्वरी नको, कोंढ्यात शर्वरी नसते, वनिता ठेव. तू म्हणालास, "पाय, आतापासूनच कापाकापी."

आणि काय लिहिलंस रे! मी तुझी वाक्यं कापणारा, मला कापायला काही सापडेना. तू बसमधल्या दांड्याला धरलेल्या दोन हातांबद्दल लिहिलंस. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तिच्या पायाला लागलेल्या चिखलाबद्दल लिहिलंस. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं? एक चूक मात्र मी पकडली. तू तिच्या कॉलेजातल्या सरांची बदली भंडाऱ्याहून गोंदियाला एका ओळीत करून टाकली होतीस. मी म्हटलं, जिल्हे वेगळे होऊन जमाना झाला, अशी बदली होत नाही आता. तू म्हणालास, "माह्या बापाच्या मनात अजून एकच जिल्हा हाय."

भांडण पेटलं ते शेवटावरून. वनिता बसमध्ये बसलेली. तो खाली उभा. तुला ती उतरायला हवी होती. मला ती जायला हवी होती.

"उतरू दे ना बे तिले," तू गाडीवर ओरडायचास. "बसचा दरवाजा उघडतो अन् ती उतरते. मोठं मीठ."

"ती उतरली नव्हती गजू. उतरली तर खोटं होईल."

"खोटं नाही होत, कादंबरी होते!"

"आणि उतरून जाईल कुठं? गावात?"

"तू हाय ना!"

त्या दिवशी आपण दोघं कामावर पोचलो ते तोंडं फुगवून. काट्यावरून तू फोन केला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निम्मी कादंबरी अॅपवर टाकून झाली होती, वाचक विचारत होते, केतकीताई, पुढं काय? आणि केतकीताईंचे दोन अर्धे एकमेकांशी बोलत नव्हते. मला त्या भांडणाचीही गोडी लागली होती, हे आज सांगतो. इतकं जीव तोडून माझ्या गोष्टीसाठी कोणी भांडलं नव्हतं. मी स्वतःही नाही.

मग तुझ्या छातीत दुखलं. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना तू माझा हात धरून तेच म्हणालास, वनिताले जाऊ देऊ नको. आणि मी काय म्हणालो? "डिस्चार्ज झाला की पाहू." तीन वर्षं मी तुझ्याबरोबर प्रेमाचे संवाद लिहिले, पन्नास प्रकारे माणसाला माणूस हवा असतो हे तपासून शुद्ध करून दिलं, आणि तुझ्या उशाशी उभं राहून माझ्या तोंडून निघालं ते हे. डिस्चार्ज झाला की पाहू. तू हसलास बहुतेक. मिशीखाली नीट दिसलं नाही.

वहिनींनी वनिताची प्रकरणं वाचली तेव्हा महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. शेवटचं प्रकरण लिहायचं बाकी होतं. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी. अर्धीच राहू दे ती."

"अर्धी काहून राहील?" त्या ताठ बसल्या. "यायचा शेवट काय होता?"

"ती उतरते."

"आणि तुमचा?"

"ती जाते."

वहिनींनी चष्मा काढला. माझ्याकडं पाहिलं. आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तो काहून नाही चढत?"

"कोण?"

"तुमचा हिरो. बस उभी आहे. दरवाजा उघडा आहे. ती गावातून निघून चालली, तिले उतरवून परत त्याच गावात कायले आणता? आणि एकटी तरी कायले जाऊ देता? याले पाय नाहीत का? चढू द्या ना त्याले बसमध्ये."

गजू, मी सांगतो तुला, माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. वीस-बावीस वर्षं मी ती बस पाहत आलो. स्वप्नात पाहिली, तुझ्या लिहिण्यात पाहिली. तिच्या खिडकीकडं पाहिलं. दरवाज्याकडं कधी पाहिलंच नाही! तू पण नाही पाहिलंस. आपण दोघं रस्ताभर ओरडत राहिलो, उतरते का जाते, उतरते का जाते, आणि खाली एक धडधाकट माणूस उभा आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी हसायला लागलो. हसू आवरेना. वहिनी म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "हरलो वहिनी. दोघंही हरलो."

त्यानंतरचे दिवस! मी टाइम ऑफिसमधून सुटलो की गाडी थेट तुझ्या दारात. वहिनी शाळेतून आलेल्या असायच्या. त्या बोलायच्या, मी टाइप करायचो. तुझ्यासारखा पूर नाही त्यांचा. एक वाक्य बोलतात, थांबतात, मागं जातात, पुसायला लावतात. माझ्यावरही चालते त्यांची कात्री. मी लिहिलं, त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं. त्या म्हणाल्या, "हे निबंधात लिहितात पोरं. काढा." तुझ्या पोरी दाराआडून ऐकायच्या आणि आईच्या तोंडून प्रेमाचं बोलणं ऐकून लाजायच्या. एका संध्याकाळी धाकटीनंच सुचवलं की हिरोजवळ सामान नको, तो शेतातून तसाच आला आहे, पायात स्लीपर. वहिनी म्हणाल्या, "बरोबर. घ्या लिहून, भाऊ."

तो चढतो. बस सुटलेली असते. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं? त्याला सांगता येत नाही, कारण त्याला खरंच माहीत नाही. मागचे लोक वळून पाहतात. आणि वनिता, जी सगळ्या कादंबरीभर हळू आवाजात बोलली आहे, ती आपल्या जागेवरून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणते, "त्यायचं तिकीट इकडं द्या. आम्ही संगं आहो."

हे वाक्य वहिनींचं. मी त्यातला काना-मात्राही हलवला नाही.

टाकायच्या आधी त्यांनी लेखकाचं नाव पाहिलं. म्हणाल्या, "ही केतकी कोण? काढा हिले. तुमचं दोघांचं नाव टाका." मी घाबरलो. म्हटलं, कारखान्यात हसतील सगळे. "हसू द्या," त्या म्हणाल्या, "हसायले तरी वाचतील." आणि तुझं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. त्यांचं घाला म्हटलं तर घालू दिलं नाही.

हसलेच सगळे. एक दिवस मला गेटवर केतकीताई म्हणून हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या काट्यावर आता जो बसतो तो हळूच आला आणि विचारलं, "साहेब, असं लिहायचं असंल तर सुरुवात कशी करतात?" मी त्याला खुर्ची दिली.

वाचकांनी तर धिंगाणा घातला. काही रागावले, बाई समजून मनातलं लिहिलं होतं म्हणे. पण त्या राग धरलेल्यांतल्या एकीनंच संध्याकाळी परत येऊन लिहिलं की मी बसच्या प्रकरणाला रडले, आणि गजाननभाऊंना सांगा. वहिनींनी तिला उत्तर पाठवलं, सांगते.

निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. मला त्याची आस उरलेली नाही, खोटं नाही सांगत. तू मात्र असतास तर रोज अॅप उघडून पाहिलं असतंस.

तू गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. स्मशानात नाही, तेरवीला नाही, शेवटचं प्रकरण टाकल्यावरही नाही. आईला काळजी लागली होती, पोरगा आतल्या आत कुढतो की काय म्हणून. आज सकाळी मी दाढी करत होतो, तर वहिनींचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, एकदम सुरू. "आनंदभाऊ, मी एक सुरू केली. माझी माझी. रात्री झोपच नाही आली. हिरो जाडा आहे, मिशीवाला आहे, अन् त्याले कोणी सांगितलंच नाही की तो चांगला दिसते. तीन पानं झाली. चौथ्यात काय होणार ते मले माहीत नाही, पण मले इतकं भारी वाटून राहिलं ना भाऊ! असंच वाटत होतं का यायले?"

"हो वहिनी," मी म्हटलं. "रोज."

फोन ठेवला आणि मी रडायला लागलो, गजू. अर्ध्या गालाला साबण लावलेला, तसाच, मोठमोठ्यानं. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झालं रे? कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही आई. चांगली बातमी आहे."